आईचा एक्सरे, कूर्चेखालचं हाड आणि पीएचडी : मुंबईत राहून जमेल का?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, एमएससी लाइफ सायन्सेस झालंय, दीड वर्ष एका डायग्नोस्टिक लॅबमध्ये नोकरी करतेय आणि आता पीएचडी करायचीच असं पक्कं ठरवलंय. विषय पण ठरलाय, ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्याची झीज होते तो आजार) हाडात काय काय बदल होतात तो. घरी सांगितलं तर मामा म्हणाला कॅन्सर घे, डायबेटिस घे, गुडघेदुखीवर कोण पीएचडी करतं.

तर कारण सांगते. आई ५७ वर्षांची आहे, २६ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी नोकरी केली, रोज दोन्हीकडचे पूल आणि जिने. गेल्या पावसाळ्यापासून ती जिना आडवी होऊन उतरते, एक हात कठड्याला आणि एक पाय आधी खाली. डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं गॅप कमी झालीय, वंगण संपलंय, वजन कमी करा, मांडी घालून बसू नका. मी घरी येऊन तो एक्सरे खिडकीच्या काचेला लावला आणि बराच वेळ बघत बसले. आतल्या बाजूला (म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या) नडगीच्या हाडाची वरची कड एकदम पांढरी फटक, बाहेरच्या बाजूला तशी नाही, आणि कडेला छोटीशी चोच आल्यासारखी. वंगण, गॅप यावर सगळेच बोलतात, पण ते पांढरं झालेलं हाड काय सांगतंय ते कोणी बोलतच नाही, आणि तेच मला शोधायचंय.

प्रश्न असे की यावर मुंबईत कोण काम करतं, नेट परीक्षा लागतेच का, फेलोशिपवर घर चालेल का (बाबा रिटायर झालेत), आणि बाहेरदेशी जायचं तर आधी काय करून ठेवावं. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

सांधेजोड
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मुंबईतच. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे म्हणून लिहितोय.

एक्सरेमध्ये कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) दिसतच नाही, कधीच. दोन हाडांमधली मोकळी जागा कमी दिसली की आपण कूर्चा झिजली असा अंदाज बांधतो, मेनिस्कस (दोन हाडांमधली गादी) सरकला असेल तरी ती जागा कमी दिसते. एक्सरेमधल्या नेहमीच्या चार खुणा म्हणजे कमी झालेली जागा, कडेला वाढलेलं हाड (तुम्ही म्हणता ती चोच, आम्ही ऑस्टिओफाइट म्हणतो), कूर्चेखालचं पांढरं दाट हाड आणि हाडातल्या पोकळ्या. या चारातल्या तीन हाडाच्याच आहेत. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये एक्सरेवरून आजाराच्या ० ते ४ ग्रेड दिल्या, आजही आमच्या केसपेपरवर त्याच असतात. म्हणजे सत्तर वर्षं होत आली आपण आजार ओळखतो हाडावरून आणि पेशंटशी बोलतो वंगणावरून.

आणि वंगण संपलं हा शब्द मी स्वतः वापरणं सोडलंय, कारण सुजलेल्या गुडघ्यात पाणी उलट जास्त असतं. पेशंटला वाटतं तेल घातलं की झालं, मग ते इंजेक्शनच्या मागे लागतात.

लालबागची काकू
डॉक्टर माझा एक प्रश्न. माझे दोन्ही गुडघे बदललेत, चार वर्षं झाली, आता गणपतीत चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढते, तक्रार काही नाही. पण ती काढलेली हाडं कुठे जातात? मला कोणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

सांधेजोड
काकू, पिवळ्या पिशवीत. बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे शरीरातून काढलेला भाग पिवळ्या पिशवीत जातो आणि तो जाळतात. एका गुडघ्यात नडगीच्या हाडाचा जाड चकतीसारखा वरचा भाग आणि मांडीच्या हाडाचे चार-पाच तुकडे निघतात.

हाडांची_शाळा
काकूंच्या प्रश्नातच या धाग्याचं उत्तर आहे, आता जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

मी याच विषयात पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतच. पहाटवारा, तुला तू म्हणते. आधी शास्त्र, मग बाकीचं.

कूर्चेला ना रक्तवाहिनी ना नस, म्हणून कूर्चा स्वतः दुखू शकत नाही. तिच्या खालच्या हाडाला दोन्ही आहेत. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात जे ढगासारखे डाग दिसतात त्यांचा दुखण्याशी संबंध २००१ पासून दाखवला गेलाय, आणि डाग असलेल्या बाजूची कूर्चा पुढे जास्त झिजते असंही दिसलंय. मग आधी हाड बिघडतं की आधी कूर्चा, हा वाद एरिक रॅडिन यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला तो अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की हाड कडक झालं की धक्का शोषला जात नाही आणि मार कूर्चेला बसतो.

पण तुझ्या आईच्या एक्सरेमधलं पांढरं हाड खरंच कडक आहे का? इथे गंमत अशी की ते पांढरं दिसतं कारण तिथे हाडाचं प्रमाण जास्त, जाळी भरगच्च. पण त्या हाडाच्या प्रत्येक कणातलं खनिज मोजलं तर ते नेहमीपेक्षा कमी भरतं, कारण हाड घाईघाईने बनलंय आणि नीट पिकलेलं नाही. भिंत जाड झाली पण सिमेंट कच्चं राहिलं असं समज. हाड ताणाप्रमाणे स्वतःला घडवतं हे ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं, त्यामुळे गुडघा बाहेर झुकून भार आतल्या बाजूला आला की तिथे हाड वाढणार हे कळतं, पण ते कच्चं का राहतं ते त्यातून कळत नाही. हाड खाणाऱ्या पेशी, हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाडात गाडून बसलेल्या ऑस्टिओसाइट (हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच) यांच्यात निरोपांची देवाणघेवाण कुठेतरी चुकते. माझी पाच वर्षं त्या निरोपांतच गेलीत.

म्हणून औषधांचं पण बघ. हाडाची झीज थांबवणारी ऑस्टिओपोरोसिसची औषधं इथे चालतील असं सगळ्यांना वाटलं होतं. रायसेड्रोनेटची अडीच हजारच्या आसपास पेशंटवरची चाचणी २००६ मध्ये आली, एक्सरेमध्ये फरक नाही. झोलेड्रोनिक अॅसिडची ऑस्ट्रेलियातली २२३ जणांवरची दोन वर्षांची चाचणी २०२० मध्ये आली, तिथेही कूर्चेची झीज कमी झाली नाही. स्ट्रॉन्शियमने २०१३ मध्ये झीज थोडी कमी दाखवली पण हृदयाच्या धोक्यामुळे त्या औषधावर बंधनं आली. आजार रोखणारं एकही मान्य औषध आज नाही. मला वाटतं (हे माझं मत) की सुरुवातीला हाड भराभर खाल्लं जातं आणि नंतर भराभर बांधलं जातं, या दोन टप्प्यांतल्या पेशंटना एकच गोळी दिली तर निकाल शून्यच येणार. कोणता पेशंट कोणत्या टप्प्यावर आहे ते कसं ओळखायचं यावर अजून दहा पीएचड्या होतील. मामाला हे सांग.

पहाटवारा
ताई, कच्च्या सिमेंटचं वाचून अंगावर काटा आला, खूप खूप धन्यवाद! पण काकूंच्या प्रश्नात उत्तर आहे म्हणालात ते राहिलं.

हाडांची_शाळा
हो तेच लिहायला परत आले. काकूंच्या गुडघ्यातून निघाली तशी नडगीची चकती हातात घेतलीस की एकाच चकतीवर दोन जगं दिसतात. आतल्या बाजूला कूर्चा पार गेलेली आणि उघडं हाड घासून घासून हस्तिदंतासारखं चकचकीत, त्यावर चालण्याच्या दिशेने बारीक चरे. बाहेरच्या बाजूला बऱ्याचदा कूर्चा जवळपास शाबूत, निळसर पांढरी, बोट लावलं तर किंचित दबते. वय तेच, वजन तेच, हार्मोन तेच, माणूस तोच. त्यामुळे आत-बाहेर तुलना केली की पेशंटच स्वतःचा कंट्रोल (तुलनेचा आधार) होतो. पूर्ण निरोगी गुडघा कोण देणार आपल्याला, म्हणून ही तुलना फार मोलाची. अगदी सुरुवातीचा टप्पा मात्र यात मिळत नाही, त्याला उंदीर लागतात, मेनिस्कसचा बंध कापला की काही आठवड्यांत त्यांच्या गुडघ्यात हा आजार उभा राहतो, पण त्याला प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि हात बसायला सहा महिने धर.

अशा चकत्या मुंबईत रोज कितीतरी ऑपरेशन थिएटरमधून पिवळ्या पिशवीत जातात. म्हणून मी कोणालाही सांगते की संस्थेचं नाव नंतर बघ, आधी बघ की तुझ्या गाईडचा एखाद्या सर्जनशी चालू, सह्या झालेला सहयोग आहे का. माझं पहिलं वर्ष यातच गेलं. एका मोठ्या रुग्णालयात एथिक्सची फाइल सात महिने फिरत राहिली कारण आमच्याकडून प्रोटोकॉल होता पण तिथला सर्जन को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून नव्हताच. तोपर्यंत मी नुसते पेपर वाचत बसले होते आणि रात्री रडत होते, खोटं कशाला बोलू.

नमुना मिळाल्यावरचं काम पण सांगते. थिएटरच्या बाहेर थर्माकोलचा डबा घेऊन उभं राहायचं, सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये चकती गुंडाळायची, आत-बाहेर कळावं म्हणून शाईने खूण करायची (एकदा विसरले तर तो नमुना वाया), आणि लगेच टॅक्सी. आरएनए काढायचा तुकडा तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये, स्लाइडचा फॉर्मॅलिनमध्ये. स्लाइडसाठी हाड मऊ करायला ईडीटीए नावाच्या रसायनात आठवडेच्या आठवडे ठेवावं लागतं, घाई करून अॅसिड वापरलं तर पेशींचा लगदा होतो. मग सॅफ्रनिन ओ रंग दिला की जिथे कूर्चा चांगली तिथे लालबुंद आणि जिथे गेली तिथे फिकट. पहिली चांगली स्लाइड निघाली तेव्हा मी अख्ख्या लॅबला धरून धरून दाखवली होती.

यंत्रमाग
मेकॅनिकलवाला, बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी केलीये. वरच्या ताईंचं मान्य पण हॉस्पिटलशिवाय पण रस्ता आहे तो सांगतो. अमेरिकेतला ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह नावाचा डेटा, २००४ पासून ४,७९६ लोक, वय ४५ ते ७९, दोन्ही गुडघ्यांचे वर्षानुवर्षांचे एक्सरे आणि एमआरआय, नोंदणी केली की फुकट मिळतो. हाडाचा आकार कसा बदलत जातो, ते आधी ओळखता येतं का, यावर मशीन लर्निंगवाले बरंच काम करतायत. घरी लॅपटॉपवर सुरुवात करता येते. पहाटवारा, पायथन येत नसेल तर आजपासून शीक, लॅबमध्ये राहिलीस तरी मायक्रो-सीटीचे आकडे काढायला लागेलच. हॉस्पिटलच्या सीटीत हाडाच्या जाळीची एकेक काडी दिसत नाही, ती असते ०.१ ते ०.२ मिलिमीटरची, मायक्रो-सीटी ०.०१ मिलिमीटरपर्यंत जातो त्यामुळे काडी न काडी मोजता येते. पण एका चकतीचा डेटा कित्येक जीबी होतो आणि तो हाताने मोजत बसायची सोय नाही.

फिजिओ_ठाणे
यंत्रमाग, डेटा फुकट आहे पण तो खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचा आहे हो. माझ्याकडे येणाऱ्या बायका जमिनीवर बसून भाजी निवडतात, उकिडव्या बसून कपडे धुतात, कोळीणी मासळी विकायला दिवसभर पाटावर. गुडघा पूर्ण दुमडल्यावर हाडावरचा भार वेगळ्याच जागी जातो. आपल्याकडे गुडघ्याचं दुखणं जास्त आणि खुब्याचं कमी, तिकडे खुब्याचं पण भरपूर. तिकडच्या मॉडेलने आमच्या काकूंचा गुडघा ओळखता येईल असं मी धरून चालणार नाही.

यंत्रमाग
पटलं. मग त्याच मॉडेलला मुंबईतले एक्सरे दाखवून ते कुठे चुकतं ते बघणं, हाच विषय होऊ शकतो की. मी असं कोणी केलेलं असेल तर वाचायला उत्सुक आहे.

फिजिओ_ठाणे
हो, यावर आपण एकत्र बोलायला हवं, व्यक्तिगत निरोप करते. आणि ज्यांनी एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स), एमडी, एमएस केलंय त्यांच्यासाठी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पीएचडी मुंबईतल्या कॉलेजांमधून करता येते, तिथे पेशंट हातात असतात हा मोठा फायदा. चालण्याची पद्धत, मांडीच्या स्नायूंची ताकद आणि हाडावरचा भार असे विषय तिथे छान होतील.

हाडांची_शाळा
पहाटवाराच्या बाकीच्या प्रश्नांवर भराभर लिहिते. मुंबईत पवईच्या आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग आहे, मेकॅनिकलमध्येही बायोमेकॅनिक्सवाले आहेत, आणि तिथेच आयआयटीबी-मोनाश अकॅडमी आहे, २००८ पासून, तिथे ऑस्ट्रेलियाच्या मोनाशबरोबर जोड पदवी मिळते आणि काही काळ तिकडे जाता येतं. बायोमटेरियलकडे वळायचं असेल तर माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बघ. मुंबई सोडायची तयारी असेल तर लखनौच्या सीडीआरआयमध्ये (केंद्रीय औषध संशोधन संस्था) हाडांवर खूप वर्षांचं काम आहे.

पैशाचं म्हणशील तर नेटमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (सीनियर) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. सीएसआयआरची लाइफ सायन्सेसची नेट परीक्षा दे, वयात मुलींना ५ वर्षांची सूट आहे. डीबीटीच्या (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) बीईटी परीक्षेचा फॉर्म पण भर. आणि आपल्या राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, ज्या गटात बसशील त्याची जाहिरात डोळ्यात तेल घालून बघत राहा, मुदत पटकन संपते. डोंबिवलीत घर आहे त्यामुळे भागेल, पण पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही, तीन-चार महिन्यांचं साठवून मगच नोकरी सोड.

गाईडला भेटताना न लाजता विचार की तुमच्याकडे जागा रिकामी आहे का. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. माझ्या मैत्रिणीने हे न विचारल्यामुळे तिचं एक वर्ष गेलं. हे नियम विद्यापीठांचे, आयआयटीचं गणित वेगळं असतं.

रॉटरडॅमचा_पाऊस
मूळचा गिरगावचा, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे पीएचडी म्हणजे चार वर्षांची पगारी नोकरी, जाहिरात निघते आणि इंटरव्ह्यू होतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसवर इथे जुनं आणि मोठं काम आहे, ओमोर्ड नावाच्या एका उपनगरातल्या ५५ च्या पुढच्या ७,९८३ लोकांना घेऊन १९९० मध्ये रॉटरडॅम स्टडी सुरू झाला, तो अजून चालू आहे. आपल्या एखाद्या परळ किंवा डोंबिवलीचा असा अभ्यास व्हावा असं फार वाटतं.

युरोपात यायचं तर मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशावरच्या पीएचडी) जागा बघ, युरॅक्सेस या वेबसाइटवर येतात, कुठल्याही देशाचा अर्ज चालतो, फक्त आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतात बसून अर्ज करणाऱ्याला ती अट आडवी येत नाही. ईमेलमध्ये मला हाडांमध्ये रस आहे असं लिहू नकोस, तू पहिल्या पोस्टमध्ये त्या पांढऱ्या कडेबद्दल जे लिहिलंयस ते लिही, आत पांढरं आहे आणि बाहेर नाही, का? असं पत्र प्रोफेसर वाचतात.

लालबागची काकू
मला सगळं कळलं असं नाही पण मी दोनदा वाचलं. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी माझी हाडं आनंदाने दिली असती गं. जाळून काय मिळालं.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पाच आठवड्यांनी लिहितेय.

सीएसआयआरचा फॉर्म भरला. तीन जणांना ईमेल केली, पांढऱ्या कडेपासूनच सुरुवात केली, दोघांचं उत्तर आलं. एका मॅडमनी बोलावलं होतं, त्यांच्या लॅबचा एका सर्जनबरोबर करार झालेला आहे, मी सगळ्यात आधी तेच विचारलं. बोलून झाल्यावर त्यांनी एक बरणी काढून दिली आणि ग्लोव्हज घालायला सांगितले. फॉर्मॅलिनमधली नडगीची चकती, मधोमध कापलेली. वरून आतली बाजू खरंच काचेसारखी गुळगुळीत, नख सरकतं. आणि कापलेल्या बाजूने बघितलं तर बाहेरच्या भागात पावाच्या लादीसारखी जाळी, मोकळी मोकळी, आणि आतल्या भागात ती जाळी भरून भरून जवळपास ठोकळाच झालेला, मध्ये वाटाण्याएवढी एक पोकळी. आईच्या एक्सरेमधलं सगळं तिथे होतं. मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही, मॅडम पण काही बोलल्या नाहीत.

त्यांनी दोन पानांची कॉन्सेप्ट नोट मागितलीय आणि सोबत पेशंटच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा, कारण त्यांच्याकडचा मसुदा इंग्रजीवरून केलेला आहे आणि पेशंट वाचून सही करायला कचरतात. मी असं लिहिलंय: 'शस्त्रक्रियेदरम्यान प्राप्त होणाऱ्या ऊतींचा नमुना संशोधनार्थ वापरण्यास माझी संमती आहे.' चालेल का?

सांधेजोड
कायद्याने चालेल. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी घाबरलेल्या माणसाला हे वाचून वाटतं की याच्यासाठी जास्तीचं काहीतरी कापणार आहेत. जे नाहीतरी काढावंच लागतं तेच घेणार, एक तुकडाही जास्त नाही, आणि नाही म्हणालात तरी ऑपरेशनमध्ये काही फरक पडणार नाही, या दोन गोष्टी पहिल्या दोन ओळींत हव्यात.

लालबागची काकू
ऊती म्हणजे काय ते मला नसतं कळलं. असं लिही बाळा, 'तुमच्या गुडघ्यातून जे खराब झालेलं हाड डॉक्टर काढणारच आहेत, ते टाकून न देता अभ्यासासाठी आम्हाला द्याल का?' आणि अक्षर मोठं ठेव, तिथे चष्मा काढून घेतलेला असतो.